अमेरिकेत खोटं पहिल्या पानावर, दुरुस्ती आतल्या पानावर: जाब कुणी कुणाला विचारायचा?

सुमेधा_एडिसन

बरेच दिवस मनात साठलंय, आज लिहूनच टाकते.

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसावर १ लाख डॉलर शुल्क लावणाऱ्या फर्मानावर सही केली. वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी तिथेच पत्रकारांना सांगितलं की हे शुल्क दर वर्षी भरावं लागणार. अंमल रविवारी मध्यरात्रीनंतर १२ वाजून १ मिनिटापासून. सगळ्या चॅनेलांनी ते तसंच्या तसं चालवलं. मोठमोठ्या कंपन्यांनी बाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना कळवलं की मुदतीच्या आत परत या. सॅन फ्रान्सिस्कोहून सुटायच्या बेतात असलेल्या विमानातून लोक उतरले. आणि शनिवारी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या सांगतात, शुल्क एकदाच, फक्त नव्या अर्जांना, आधीच व्हिसा असणाऱ्यांना परत येताना काही भरावं लागणार नाही.

माझा राग दोघांवर आहे. मंत्र्याला सही होत असलेल्या कागदात काय आहे हे माहीत नसावं? आणि ज्यांचं कामच विचारण्याचं, त्यांनी तो कागद वाचू नये? फर्मानाच्या मजकुरात ‘दर वर्षी’ असं कुठेही नव्हतं. आमच्या घरी जे चॅनेल लागतं त्याने शनिवारी रात्री ‘सरकारचा खुलासा’ अशी नवी बातमी दिली. काल आपण चुकीचं सांगितलं, हे एका शब्दानेही नाही.

तर प्रश्न असा: इथे खोटं किंवा अर्धवट बोलणाऱ्या नेत्याला आणि ते पसरवणाऱ्या माध्यमांना जाब विचारायची काही सोय आहे का? तुम्ही काय करता?

परदेशी_पाखरू

सुमेधाताई, त्या शनिवारी मी पुण्यात होतो. रविवारी सर्वपित्री अमावस्या. वडील गेल्यानंतरची पहिलीच, मी खास त्यासाठी आलो होतो. पहाटे कंपनीचा मेल: मुदतीच्या आत अमेरिकेत पोचा. आईने गुरुजींना फोन करून तिथी पुढच्या वर्षावर टाकली. तिकिटाचे पैसे किती गेले ते लिहीत नाही, ते भरून येतील. अर्ध्या वाटेवरच्या विमानतळावर फोन चालू केला तर खुलासा आलेला. तिथल्या खुर्च्यांवर आपलीच माणसं बसलेली, कडेवर मुलं, हातात आईने घाईघाईत बांधून दिलेले डबे. ‘परत फिरायचं का?’ एवढंच सगळे एकमेकांना विचारत होते.

या चुकीची किंमत लटनिकांना पडली नाही, त्या चॅनेलांना पडली नाही. आम्हाला पडली.

चिंगी

वाचून गलबलून आलं रे.

ओहायोकर

मी कोलंबसला राहतो. स्प्रिंगफील्ड इथून तासाभरावर. तुमच्याकडे निदान गोंधळ तरी होता, आमच्याकडे धडधडीत बनाव होता.

१० सप्टेंबर २०२४ च्या वादचर्चेत ट्रम्प म्हणाले की स्प्रिंगफील्डमध्ये हैतीहून आलेले लोक कुत्री-मांजरं खातात. सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर यांनी तिथल्या तिथे सांगितलं की आम्ही शहराच्या सिटी मॅनेजरशी बोललो, असा कोणताही विश्वासार्ह अहवाल नाही. म्हणजे त्या रात्री पत्रकाराने आपलं काम चोख केलं होतं! तरी पुढे काय झालं बघा. शाळा, नगरपालिका, इस्पितळं यांना बॉम्बच्या धमक्या. गव्हर्नर डिवाइन, जे स्वतः रिपब्लिकन आणि स्वतः स्प्रिंगफील्डचे, त्यांनी सांगितलं की किमान ३३ धमक्या आल्या आणि सगळ्या खोट्या निघाल्या. मुलांना वर्गातून बाहेर काढावं लागलं.

आणि काही दिवसांत जे. डी. व्हान्स सीएनएनवर म्हणतात की माध्यमांचं लक्ष वेधायला मला गोष्टी तयार कराव्या लागल्या तर मी ते करीन. नंतर त्यांनी सारवासारव केली, म्हणे तयार करणं म्हणजे लक्ष वेधणं. पुढे ते उपराष्ट्राध्यक्ष झाले. मग पुढच्या नेत्याने यातून काय शिकायचं?

सडेतोड

धागा एकाच दिशेने चाललाय म्हणून लिहितो. बायडेन यांच्या वयाचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये विशेष वकील रॉबर्ट हर यांनी अहवालात त्यांच्या कमजोर स्मरणशक्तीबद्दल लिहिलं, तर हर यांच्यावरच पक्षपाताचा ठपका. जूनच्या सुरुवातीला वॉल स्ट्रीट जर्नलने बंद दाराआड बायडेन कसे थकलेले दिसतात यावर बातमी दिली, तर तिच्यावर तुटून पडले. व्हिडिओ फिरले तर प्रवक्त्यांनी त्यांना ‘चीप फेक’, म्हणजे संदर्भ तोडून फसवे केलेले, म्हटलं आणि बऱ्याच पत्रकारांनी तो शब्द उचलून धरला. २७ जूनच्या वादचर्चेत सगळ्या देशाने डोळ्यांनी बघितलं. २१ जुलैला माघार. जे आम्हाला ‘तुम्हाला भास होतोय’ सांगत होते त्यांच्यातल्या कुणाची खुर्ची गेली?

आणि ओबामांचं आरोग्यविमा कायद्याच्या वेळचं ‘तुमची विमा योजना आवडत असेल तर तीच ठेवता येईल’? २०१३ मध्ये लाखो लोकांना योजना बंद झाल्याची पत्रं आली. मी त्यातलाच एक.

ओहायोकर

@सडेतोड, मान्य. बायडेन प्रकरणात माध्यमांनी माती खाल्ली. पण तुमच्या उदाहरणात नेत्यांची विधानं तपासणाऱ्या पॉलिटिफॅक्टने ओबामांच्या त्या वाक्याला २०१३ चं ‘वर्षातलं सगळ्यात मोठं खोटं’ ठरवलं आणि ओबामांनी मुलाखतीत खेदही व्यक्त केला. स्प्रिंगफील्डच्या लोकांकडे अजून कुणी फिरकलं नाही.

सडेतोड

खेद योजना बंद झाल्यावर. असो, मुद्दा पोचला.

कोर्टाची_पायरी

सुमेधा, तुझ्या ‘काही सोय आहे का’ला कायद्याच्या बाजूने उत्तर देते. मी इथे वकिली करते, पण माध्यमांचा कायदा हा माझा रोजचा विषय नाही.

नेत्याबद्दल: राजकीय भाषणात खोटं बोलणं हा जवळजवळ कधीच गुन्हा ठरत नाही. पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची हमी. एवढंच काय, उमेदवाराने स्वतः दिलेली जाहिरात खोटी असली तरी टीव्ही स्टेशनला ती कापता किंवा नाकारता येत नाही, केंद्रीय कायद्यातच तसं आहे. बाहेरच्या गटांच्या जाहिराती मात्र नाकारता येतात. स्टेशनं सहसा नाकारत नाहीत, कारण निवडणुकीच्या वर्षात कमाई तिथेच असते.

माध्यमांबद्दल: १९६४ च्या न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन खटल्यापासून सार्वजनिक पदावरच्या माणसाला बदनामीचा दावा जिंकायचा तर सिद्ध करावं लागतं की छापणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत होतं, किंवा खरं-खोटं याची त्याने बेदरकारपणे पर्वा केली नाही. नुसती चूक पुरत नाही. आणि तुझ्यासारख्या प्रेक्षकाला तर दावा करायला जागाच नाही, कारण बदनामी तुझी झालेली नाही.

डोमिनियन विरुद्ध फॉक्स हा खटला म्हणूनच वेगळा. डोमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीचं नाव घेऊन २०२० च्या निवडणुकीतल्या घोटाळ्याचे आरोप झाले होते. फॉक्सच्या निवेदकांचे आपसातले मेसेज कोर्टात आले आणि पडद्यावर जे चाललंय त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नाही हे जगाने वाचलं. न्यायाधीशांनी आदेशात लिहिलं की डोमिनियनबद्दलचं एकही विधान खरं नाही हे स्वच्छ दिसतंय. १८ एप्रिल २०२३ ला ज्युरी बसली आणि त्याच दिवशी ७८ कोटी ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पण पडद्यावर माफी मागायची अट तडजोडीत नव्हती. ज्या प्रेक्षकांनी महिनोन्‌महिने ते ऐकलं, त्यांच्यापर्यंत खरं त्याच आवाजात, त्याच वेळेला कधी पोचलंच नाही. मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. पैसे कंपनीला मिळाले, प्रेक्षकाला त्याचं सत्य परत मिळालं नाही.

अनामिक_वाचक

पूर्वी म्हणे दोन्ही बाजू दाखवायची सक्ती होती. रेगनने काढली. ती परत आणली की फॉक्स, एमएसएनबीसी (आताचं एमएस नाऊ) सगळे सरळ होतील.

कोर्टाची_पायरी

@अनामिक_वाचक, तो नियम १९४९ चा, एफसीसीने (रेडिओ-टीव्हीवरची इथली केंद्रीय नियामक संस्था) १९८७ मध्ये रद्द केला. संसदेने तो कायद्यात घालायचा प्रयत्न केला तेव्हा रेगन यांनी नकाराधिकार वापरला, हे बरोबर. पण तो लागू होता हवेतून प्रसारण करणाऱ्या रेडिओ-टीव्हीला, कारण त्या लहरी जनतेच्या. केबलवरच्या बातम्यांना, वर्तमानपत्रांना, यूट्यूबला तो लागू नव्हता. आज परत आणला तरी तू म्हणतोस ती दोन्ही चॅनेलं त्याच्या बाहेरच राहतील.

लंडनची_राणी

आमच्याकडे ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाचे निःपक्षपातीपणाचे नियम सगळ्या टीव्ही बातम्यांना आहेत. घरबसल्या तक्रार करता येते आणि चॅनेलला निकाल पडद्यावर वाचून दाखवायलाही लावता येतो. अमेरिकेत असं का नाही?

कोर्टाची_पायरी

कारण मग नियामक नेमणार कोण, हा प्रश्न येतो. इथे एफसीसीचा अध्यक्ष राष्ट्राध्यक्ष ठरवतात. जुलै २०२५ मध्ये सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने ट्रम्प यांच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमावरच्या दाव्यात १ कोटी ६० लाख डॉलरवर तडजोड केली आणि त्याच महिन्यात एफसीसीने कंपनीच्या विलीनीकरणाला मंजुरी दिली. आता याच एफसीसीच्या हातात ‘खरं काय’ ठरवायचा अधिकार द्यायचा? मला नको. राग मलाही येतो, पण सलिव्हनचं कवच काढलं तर पहिल्यांदा गावातलं चार माणसांचं साप्ताहिक मरेल. मोठ्यांकडे वकील आहेत.

शिकागोचे_आजोबा

तुम्ही मुलं २०२४-२५ चं बोलताय. मी २००२ सांगतो.

८ सप्टेंबर २००२, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी की इराक अणुबॉम्बसाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवायच्या मागे आहे. माहिती सरकारी सूत्रांची. त्याच सकाळी उपराष्ट्राध्यक्ष चेनी टीव्हीवर येतात आणि त्याच बातमीचा हवाला देतात, बघा, टाइम्सनेच छापलंय! राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार राईसबाई दुसऱ्या चॅनेलवर अणुस्फोटाच्या ढगाची भीती घालतात. सरकारने कानात सांगायचं, पेपरने छापायचं, सरकारने पेपर दाखवायचा.

ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ सांगत होते की त्या नळ्या साध्या रॉकेटच्या वाटतात. नाइट रिडर वृत्तसंस्थेचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे दोघे खालच्या अधिकाऱ्यांशी बोलून शंका छापत राहिले. त्यांना विचारतो कोण? मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं. टाइम्सने संपादकांची टिपणी छापली २६ मे २००४ ला. पान ए-१०. बातमी पहिल्या पानावर, कबुली दहाव्या पानावर, मध्ये वीस महिने आणि एक युद्ध. माझ्या शेजारच्या घरचा मुलगा त्या युद्धात गेला तो परत आला नाही. त्याच्या आईने पान दहा वाचलं असेल का, हा विचार मी अजून करतो.

टाइम्सने टिपणी तरी छापली, हेही लिहायला हवं. ती छापणारे त्या वेळी फार नव्हते.

चिंगी

आजोबा, नमस्कार. हे शाळेतल्या मुलांना शिकवायला हवं.

बंदरावरचा

नेवार्क बंदरावर कस्टम्स ब्रोकर म्हणून काम करतो, रोज डोळ्यांसमोर घडतं ते लिहितो.

‘टॅरिफ परदेश भरतो’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की माझे शेजारीसुद्धा तेच म्हणतात. कंटेनर आला की मी आयातदाराच्या वतीने फॉर्म ७५०१ भरतो. मालाचा कोड, किंमत, मूळ देश आणि ड्यूटी. ती रक्कम भरणारा अमेरिकेतला आयातदार असतो. साधारण दहा कामकाजी दिवसांत पैसे सरकारकडे जातात. भारत सरकारचा त्या कागदावर कुठेही संबंध नाही. निर्यातदार भाव थोडा कमी करतो, आयातदार थोडं सोसतो, उरलेलं दुकानात गिऱ्हाइकाच्या माथी.

२७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर एकूण ५० टक्के लागले तेव्हा माझा एक जुना आयातदार, मसाले आणि पापड-लोणची आणणारा, फॉर्म हातात घेऊन विचारत होता, ‘ही बेरीज बरोबर आहे ना रे?’ बरोबर होती. त्याच संध्याकाळी टीव्हीवर मथळा: ‘भारताला ५० टक्क्यांचा दणका’. दणका कुणाच्या खिशाला, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सत्ताधाऱ्यांनी आपली बाजू मांडणं मी समजू शकतो. पण मथळा लिहिणाऱ्याने त्यांचीच वाक्यरचना का वापरावी?

चिंगी

तरीच आमच्या वाण्याकडे पोह्यांनी उडी मारली!

सुमेधा_एडिसन

जाडे की पातळ?

चिंगी

दोन्ही गं. पातळ तर दिसतच नाहीत आता. चिवड्याची पंचाईत.

नाशिकचा_नाना

तुम्ही तिकडे रडताय, पण २००९ च्या निवडणुकांत आपल्या महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्या. एकच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत, शब्दन्‌शब्द सारखा. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने सविस्तर अहवाल लिहिला, तो पूर्ण प्रसिद्ध करायलाच कौन्सिल तयार नव्हती. इथल्या चॅनेलांवर तर...

धागापाल

नाना, विषय महत्त्वाचा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी इथून दुवा देतो. इथे अमेरिकेवर राहू या.

रात्रपाळी

नाना म्हणतात तो ‘शब्दन्‌शब्द सारखा मजकूर’ अमेरिकेतही झालाय. मार्च २०१८ मध्ये सिंक्लेअर कंपनीच्या देशभरातल्या स्टेशनांच्या निवेदकांनी एकच संहिता वाचली. विषय काय, तर खोट्या बातम्यांपासून सावध राहा! कुणीतरी सगळ्यांच्या चित्रफिती एकत्र जोडल्या म्हणून लोकांना कळलं.

मी काही वर्षं एका लहान शहरातल्या टीव्ही स्टेशनच्या डेस्कवर होते, आत दुरुस्ती का होत नाही ते सांगते. संध्याकाळचं बुलेटिन मिनिटांत नाही, सेकंदांत मोजलेलं असतं. हवामान आणि खेळ यांना हात लागत नाही. दुरुस्ती घ्यायची तर तीस सेकंद कुठूनतरी काढायचे आणि कशासाठी, तर आपली चूक सांगायला. निर्मात्याला रात्री घरी जायचंय, सकाळची पाळी वेगळ्या माणसांची. सकाळी नवी बातमी येते. अशाने चूक तशीच राहते, तिच्यावर फक्त दुसरं काहीतरी येऊन पडतं. आमच्याकडे एकदा एका शाळेचं नाव चुकलं होतं. मुख्याध्यापिका स्वतः स्टेशनवर आल्या, चार तास बसून राहिल्या, आणि मगच दुरुस्ती गेली.

वाचकांच्या वतीने आत भांडणारा माणूस पेपरांत असायचा. वॉशिंग्टन पोस्टने ते पद २०१३ मध्ये आणि टाइम्सने २०१७ मध्ये बंद केलं. कारण सांगितलं की वाचक आता समाजमाध्यमांवर थेट बोलतात. वाचक बोलतात, हो. पण त्यांना उत्तर देणं ज्याची नोकरी होती तो माणूस गेला.

आणि वरच्यांना काय हवं असतं? सीबीएसचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस २०१६ च्या निवडणुकीच्या तमाशाबद्दल उघड म्हणाले होते की हे अमेरिकेसाठी चांगलं नसेल, पण सीबीएससाठी फारच चांगलं आहे.

सडेतोड

@रात्रपाळी, चांगलं लिहिलंत. पण प्रेक्षकाचं काय? आमच्या मित्रमंडळात जो तो आपल्याला आवडणारं चॅनेल लावतो. चूक दाखवली तर चॅनेल बदलतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने उमेदवाराला पाठिंबा न द्यायचं ठरवलं तर अडीच लाखांवर लोकांनी वर्गणी बंद केली. बातमी चुकली म्हणून एवढ्यांनी कधी बंद केली?

लाँग_आयलंड_लोकल

@सडेतोड, रागावलेल्या वाचकाला दोष देण्याआधी आमचं सँटोस प्रकरण बघा. जॉर्ज सँटोस, आमच्या भागातून नोव्हेंबर २०२२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून आला. गोल्डमन सॅक्स, सिटीग्रुप, बरूक कॉलेजची पदवी, सगळं बनावट. टाइम्सची मोठी बातमी आली १९ डिसेंबरला, मतदान उलटून सहा आठवडे झाल्यावर.

पण नॉर्थ शोअर लीडर नावाच्या आमच्या इथल्या छोट्या साप्ताहिकाने सप्टेंबरमध्येच लिहिलं होतं की या माणसाची संपत्ती अचानक कुठून आली. साप्ताहिकाचा मालक स्वतः रिपब्लिकन, तरी लिहिलं. न्यूयॉर्क हे पत्रकारांनी भरलेलं शहर, तिथून तासाभरावर आम्ही, आणि ती बातमी एकाही मोठ्या पेपरने उचलली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्याला ३११ विरुद्ध ११४ मतांनी हाकललं, २०२५ मध्ये सात वर्षांवर शिक्षा झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांनी ती माफ करून त्याला सोडलं.

वाचक चॅनेल बदलतो हे खरं, पण आमच्याकडे मतदानाआधी खरं सांगणारा एकच आवाज होता आणि तो घराघरात पोचत नव्हता. आता देशाच्या कित्येक भागांत तर तसं साप्ताहिकही उरलं नाही. २००५ पासून या देशातली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली.

सडेतोड

सँटोस माझ्याच पक्षाचा. तरी पटलं.

सुमेधा_एडिसन

सगळ्यांचे आभार. एवढं कळलं की नेत्याला कायद्याने पकडता येत नाही, आणि पकडायची ताकद सरकारला देणंही धोक्याचं. @कोर्टाची_पायरी, ते मला आधी पटत नव्हतं, पॅरामाउंटचं वाचून पटलं. पण ‘काहीच करता येत नाही’ यावर मी थांबणार नाही. @रात्रपाळी, त्या मुख्याध्यापिका चार तास बसल्या. आम्ही कुठे बसायचं?

रात्रपाळी

दोन गोष्टी. पहिली, तक्रार लिहायची ती ‘तुम्ही पक्षपाती आहात’ अशी नको, ती थेट कचऱ्यात जाते. तारीख, बुलेटिनची वेळ, निवेदकाचं नेमकं वाक्य आणि त्याखाली मूळ कागद. तुमच्या बाबतीत फर्मानाचा मजकूर. एका चुकीबद्दल वीस जणांनी वेगवेगळ्या शब्दांत असं लिहिलं तर न्यूज डायरेक्टरला बैठकीत बोलावं लागतं. मी अशा बैठकीत बसलेली आहे.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हवेतून प्रसारण करणाऱ्या प्रत्येक टीव्ही स्टेशनला एफसीसीच्या वेबसाइटवर ‘पब्लिक फाइल’ ठेवावी लागते. तिच्यात राजकीय जाहिरातींची वेगळी फाइल असते. कोणत्या उमेदवाराने किंवा गटाने किती पैसे भरले, कोणत्या कार्यक्रमात जाहिरात लागणार, सगळं कुणालाही बघता येतं, फुकट. गटाचं नाव मिळालं की निवडणूक आयोगाच्या साइटवर त्याचे देणगीदार शोधायचे. काही गट देणगीदार लपवतात, पण मग लपवतात हेही कळतं.

ओहायोकर

आत्ताच कोलंबसच्या एका स्टेशनची फाइल उघडली. बारीक अक्षरातली पीडीएफ, पण कार्यक्रमाचं नाव, सेकंद आणि दर स्पष्ट लिहिलेत. संध्याकाळच्या बातम्यांच्या मधले तीस सेकंद सगळ्यात महाग. नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकांसाठी आपण राज्यवार तक्ता करू या का? मी ओहायो घेतो.

परदेशी_पाखरू

मला मत नाही, पण पीडीएफ वाचता येते. टेक्सासमधली डॅलसची स्टेशनं माझ्याकडे.

सडेतोड

मी दोन्ही पक्षांच्या जाहिराती नोंदवल्या जातायत का ते तपासतो. त्यासाठी मीच योग्य माणूस आहे.

सुमेधा_एडिसन

न्यूजर्सी माझ्याकडे, पण इथली स्टेशनं सापडत नाहीयेत.

लाँग_आयलंड_लोकल

न्यूजर्सीच्या बहुतेक जाहिराती न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या स्टेशनांवर लागतात, तिथल्या फाइली उघड. न्यूयॉर्कची मी बघतो, आमचंही त्यातच येतं. तू फिलाडेल्फिया घे.